जाम नटबोल्ट आणि जुनी गाडी: काम देण्यापूर्वी वाचा

वीस-पंचवीस वर्षं एका जागी उभी असलेली फियाट, अँबॅसडर किंवा जीप आमच्याकडे येते तेव्हा मालकाच्या डोक्यात रंग, क्रोम आणि सीट कव्हर असतात. आमच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हिचे नट सुटणार का? जुन्या गाडीच्या कामाचे सुरुवातीचे सगळे दिवस खोलण्यात जातात आणि बिलातला ज्याचा अंदाज कुणालाच देता येत नाही तो आकडाही तिथलाच असतो. तो कसा वाढतो, आम्ही नट कसा सोडवतो, कुठे थांबून तुम्हाला फोन करतो आणि गाडी आमच्याकडे येईपर्यंत तुम्ही कशाला हात लावू नये, हे एकदा लिहून दिलेलं बरं.

गाडी कुठे उभी होती?

हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत शेडखाली राहिलेली गाडी आणि मालवण-वेंगुर्ल्याला नारळीच्या बागेत राहिलेली गाडी वरून सारख्याच धुळकट दिसतात. खाली झोपून बघितलं की फरक कळतो. खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि गंजण्याचा वेग वाढवतं. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. उघड्या पत्र्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. आट्यांमध्ये त्याला फुगायला जागा नसते, म्हणून तो नट आणि बोल्ट एकमेकांवर आवळून धरतो.

गाडी मातीवर होती की फरशीवर, हेही सांगा. ताडपत्रीत गुंडाळून ठेवली असेल तर ते लपवू नका. ताडपत्रीखाली कोंडलेल्या दमट हवेने गाडीचं जे होतं ते उघड्यावरच्या पावसानेही होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आधी पाना, मग जोर

गंजलेला नट बहुतेक वेळा वाचवता येतो. कोपरे गोल झालेला नट वाचवणं अवघड असतं, आणि कोपरे गोल होतात ते चुकीच्या पान्यामुळे.

कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली पद्मिनी मुळात फियाट ११००, म्हणजे इटालियन. तिचं सगळं मोजमाप मिलिमीटरचं. अँबॅसडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याची, पण अंगाने मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. तिला इंची पाने लागतात. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपलाही इंचीच. पुढे अँबॅसडरला इसुझूचं इंजिन आलं, तेव्हापासून एकाच गाडीत दोन्ही मापं नांदायला लागली. १९४९ च्या आधीची ब्रिटिश गाडी असेल तर तिसरीच तऱ्हा: व्हिटवर्थ किंवा बीएसएफ (त्याचाच बारीक प्रकार) आटे. त्यांचा कोन ५५ अंश, नंतर आलेल्या युनिफाइड आट्यांचा ६० अंश. शिवाय व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. नवीन पोराच्या हातात तो पाना दिला की त्याचा गोंधळ बघण्यासारखा असतो.

आता अडीच सुती बोल्ट घ्या, म्हणजे ५/१६ इंच जाडीचा. अँबॅसडरमध्ये असे ढिगाने आहेत. त्याचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो आणि ढिलाई असते जेमतेम ०.३ मिलिमीटर. साध्या नटाला तेवढं चालून जातं. जाम नटावर मात्र जोर लावला की पाना सरकून कोपऱ्यावर जातो आणि कोपरा खरवडून निघतो. दुसऱ्यांदा लावला की घसरतो. तिसऱ्यांदा कुणीतरी पाईप पाना आणतं आणि मग त्या नटाचं डोकं राहतच नाही. उलट, पाऊण इंची डोक्यावर १९ चा पाना बिनधास्त चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. जाम नटाला आम्ही फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना लावत नाही. सहा पैलूंचा सॉकेट किंवा रिंग पानाच लागतो, आणि तोही आधी डोक्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, हातोडीने ठोकून पूर्ण खाली बसवून.

उलट्या आट्यांचंही लक्षात ठेवा. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतात. स्टडच्या टोकावर बऱ्याचदा एल अक्षर कोरलेलं असतं, पण गंजाखाली ते दिसत नाही. चार फुटी पाईप लावून, दोघांनी लटकून नट उलट आवळत बसण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. त्यात स्टड तुटतो.

तेल, ठोका, गॅस

पहिलं काम तेल पाजण्याचं. आटे बाहेर दिसत असतील तर ते ब्रशने साफ करायचे, नाहीतर त्याच गंजावरून नट ओढून आणावा लागतो. मग आत शिरणारं तेल सोडायचं, रोज थोडं, निदान तीन-चार दिवस. डब्ल्यूडी-४० तुमच्याही घरी असेल. ते १९५३ साली अमेरिकेत सान दिएगोला बनलं, क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. ते वाईट नाही, पण जुन्या जाम आट्यांसाठी खास बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडतं. काही जण एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळतात. मिश्रण काम करतं, पण अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं आणि रंगही उडवतं. घरी करू नका.

तेल पाजत असताना बोल्टच्या डोक्यावर सरळ ठोके द्यायचे. घण नको, मध्यम हातोडी, खाली आधार धरून. ठोक्याने गंजाच्या थराला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नंतर पाना लावायचा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने बघायचं. जरा हलला की उलट पाव फेरा, पुन्हा मागे, पुन्हा तेल. एकदा हललेला नट सपाट्याने काढायचा मोह सगळ्यांना होतो. तिथेच सुटलेली गंजाची भुकटी आट्यांत अडकते आणि अर्ध्यावर आलेला नट पुन्हा बसतो, आधीपेक्षा घट्ट.

एवढ्याने झालं नाही तर गॅस. इथे एक गोष्ट ग्राहकांना नेहमी उलटी वाटते: तापवायचा असतो तो नट किंवा भोवतालचा भाग, बोल्ट नाही. १० मिलिमीटर भोकाचा पोलादी नट ३०० अंशांनी तापवला तर भोक सुमारे ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा फुसका वाटेल, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमधला पोलादी बोल्ट गॅसला लवकर दाद देतो. मात्र तिथे ज्योत जपून फिरवावी लागते. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, सरळ वितळून खाली पडतं. नट जरा निवला की आट्यांच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवायची. मेण पातळ होऊन आत ओढलं जातं आणि पुढचे फेरे हलके जातात.

गॅस सगळीकडे चालत नाही. पेट्रोलची टाकी आणि पाइप उतरवल्याशिवाय आम्ही मागच्या बाजूला ज्योत नेत नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची असते. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागालाही गॅस नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. अँबॅसडरच्या पुढच्या टॉर्शन बारजवळ (स्प्रिंगचं काम करणारी सळी) ज्योत न्यायची नाही, कारण त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं की तो बार कामातून गेला. सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा जो बोल्ट आम्ही लाल करून काढतो तो परत बसवत नाही. त्याच्या जागी नव्याची किंमत बिलात दिसेल. त्यावर घासाघीस करू नका.

तुटला तर

काही बोल्ट तुटणारच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड यात पहिले. वर्षानुवर्षं तापून-निवून ते आतून खंगलेले असतात. ब्रेकमधली हवा काढायचे ब्लीडर, खाली चासीला बॉडी धरणारे बोल्ट आणि ड्रमचे छोटे स्क्रू यांचाही भरवसा धरू नका. बॉडीच्या बोल्टांची आणखी एक कटकट: वरचा नट पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेला असतो, पिंजरा गंजून सुटतो आणि बोल्टबरोबर नटही गोल फिरत राहतो. तिथे डोकं कापण्यावाचून इलाज नाही.

स्टड थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतो. वेल्डिंगची उष्णता स्टडला आतून मिळते, तो तापून दबतो आणि निवताना आकसतो, म्हणून लाल असताना हात न लावता निवू द्यायचा आणि मग पाना घालायचा. सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून, उलट्या दिशेने कापणारं ड्रिल चालवतो. पुष्कळदा ड्रिल फिरता फिरता तुकडा आपणच बाहेर येतो.

इझी आउट नावाचं एक हत्यार बाजारात स्वस्तात मिळतं: तुटक्या बोल्टला भोक पाडायचं, त्यात ते उलटं फिरवत घुसवायचं आणि बोल्ट काढायचा. आमच्या मते जुन्या गाडीच्या जाम बोल्टला ते शेवटचं हत्यार आहे. ज्या बोल्टचं डोकं पान्याने तुटलं, तो त्याच्या निम्म्या जाडीच्या हत्याराने कशाला सुटेल? इझी आउट कडक आणि ठिसूळ पोलादाचं असतं. आत तुटलं की साधं ड्रिल त्याला कापत नाही. मग ब्लॉक किंवा हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशीनवर न्यावं लागतं. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे, लेथ आणि टर्नर गल्लोगल्ली आहेत, म्हणून निभावतं. पण ते काम तासाच्या हिशेबाने होतं आणि तो खर्च तुमच्या अंदाजपत्रकात नसतो. आधीच कुणी आत इझी आउट तोडून ठेवलं असेल तर गाडी देतानाच सांगा. आम्ही रागावत नाही, पण आधी कळलं तर ड्रिल वाचतात.

इंजिन फिरत नसेल तर

गाडी गिअरमध्ये टाकून ढकलू नका, ट्रॅक्टरने ओढू तर अजिबात नका. सिलेंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. बाहेरून जोर लावला की रिंगा मोडतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तेलाने सुटलं असतं ते इंजिन रीबोअरला, म्हणजे सिलेंडर पुन्हा कापून घ्यायला, जातं. आम्ही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये तेल ओततो, काही दिवस मुरू देतो आणि क्रँकच्या नटावर लांब पाना लावून पुढे-मागे जरा जरा हलवतो. एका बाजूला केसभर हललं तरी आम्ही खूश असतो.

अडकलेल्या ब्रेकचंही तसंच. हँडब्रेक लावून ठेवलेल्या गाडीचे शू ड्रमला चिकटतात. आधी अ‍ॅडजस्टर ढिला करायचा, मग ड्रमवर चौफेर ठोके. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना सारखा आहे.

सुटे भाग भिजवणं

सुट्या झालेल्या भागांचा गंज काढायला मळीचं (मोलॅसिसचं) पाणी स्वस्त आणि सौम्य. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. वास येतो, शेजारी तक्रार करतात, पण चांगलं लोखंड शाबूत राहतं. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात घालायचे नाहीत. घाई असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बारा व्होल्टच्या चार्जरने गंज काढतो. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ते काम उघड्यावर. घरी करणार असाल तर धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधी लोखंडी पट्टी लावा. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट या टबात टाकू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात.

चासी नंबर

गंज घासण्याच्या भरात ग्राइंडर चासी नंबरवरून फिरवू नका, आणि इंजिनवरची नंबराची पट्टी काढू नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. खराब झालेली चासी कापून नवी जोडण्याचं काम कुणी सुचवलं तर आधी कागदपत्रांचा विचार करा. आमच्याकडे नंबराभोवतीचा भाग हातानेच साफ होतो, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचा फोटो तुम्हाला येतो.

परत जोडताना

आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावूनच बोल्ट बसतो. पेस्टमुळे घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलपेक्षा कमी ठेवावा लागतो. मॅनिफोल्डला पितळी नट घालतो. ते स्टडला चिकटून बसत नाहीत. सगळीकडे स्टेनलेस घाला, असा आग्रह अनेक जण धरतात. दिसायला छान, पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा कमी ताकदीचा असतो. नंबर प्लेटला हवा तर घाला, सस्पेन्शनला आम्ही घालणार नाही.

पैशांचं

तेल, ठोके आणि पान्याने सुटणारं सगळं खोलण्याच्या ठरलेल्या मजुरीत येतं. गॅस, वेल्डिंग आणि ड्रिलचं काम दर भोकाप्रमाणे लागतं. बाहेरच्या मशीनवरचं काम त्यांच्या पावतीप्रमाणे. मूळ कंपनीचा बोल्ट किंवा कुठलाही भाग कापायचा असेल तर आधी फोन करतो आणि तुमचा होकार मेसेजवर घेतो. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या जागेचं काम थांबतं, बाकीचं चालू राहतं. गाडी उभी करताना घरी पडलेले सुटे बोल्ट, वायसर, कंपनीचं मॅन्युअल, जे असेल ते पिशवीत भरून आणा. काढलेले जुने नटबोल्ट जागेच्या चिठ्ठीसह डब्यात ठेवलेले असतात. ते परत हवे असतील तर गाडी नेतानाच मागा, दोन महिन्यांनी भंगारात जातात.