ओएस अपडेट आणि सुरक्षा पॅच: नवा फोन घेताना एकच समजल्या जाणाऱ्या दोन गोष्टी

दोन फोन समोरासमोर ठेवले की कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन यांची तुलना आपण लगेच करतो. माहितीच्या अगदी तळाशी मात्र एक ओळ असते: 'चार ओएस अपडेट, पाच वर्षं सुरक्षा अपडेट'. ती वाचून 'चार-पाच वर्षं अपडेट येत राहतील' एवढंच डोक्यात राहतं. त्या ओळीत दोन वेगळी आश्वासनं आहेत आणि माझ्या मते दुसऱ्याचं मोल जास्त आहे.

ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. ओएस अपडेट म्हणजे त्याच्या पुढच्या व्हर्जनवर जाणं, उदाहरणार्थ अँड्रॉइड १४ वरून १५ वर. हे साधारण वर्षातून एकदा होतं आणि डोळ्यांना दिसतं. सेटिंग्जची मांडणी बदलते, नव्या सोयी येतात, कोणत्या ॲपला काय दिसावं यावरचं नियंत्रण वाढतं. सुरक्षा पॅच, म्हणजेच सुरक्षा अपडेट, आला तर फोनमध्ये काहीच बदललेलं जाणवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली भोकं तो बुजवतो, एवढंच त्याचं काम. दिसत नाही म्हणून 'नंतर करू' म्हणत आपण तो पुढे ढकलतो.

ही दोन कामं वेगळी का धरावी लागतात, ते २०१५मध्ये लख्ख दिसलं. त्या वर्षी जुलैमध्ये अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या भागातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. हल्लेखोराला फक्त तुमचा नंबर माहीत असला तरी पुरे होतं. एमएमएसमधून खास तयार केलेला व्हिडिओ पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं आणि काही फोनमध्ये तर तो मेसेज उघडण्याचीही गरज नव्हती. दुरुस्तीचा कोड गूगलकडे तयार होता. अडचण होती ती लोकांच्या हातातल्या फोनपर्यंत पोचवण्याची. पुढच्याच महिन्यात गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच काढण्याची पद्धत सुरू केली. तोवर वर्षाच्या मोठ्या अपडेटसोबत दुरुस्तीही येईल, अशा भरवशावर बरंच काही चालून जात होतं.

फोनचं व्हर्जन जुनं असूनही तो सुरक्षित राहू शकतो, याचं माझं आवडतं उदाहरण आयफोन ५एस. तो २०१३मध्ये आला आणि आयओएस १२च्या पुढे गेलाच नाही. तरी जानेवारी २०२३मध्ये ॲपलने त्याच्यासाठी १२.५.७ हे अपडेट काढून ब्राउझरच्या इंजिनातली एक धोकादायक त्रुटी दुरुस्त केली. नव्या सोयी कधीच थांबल्या होत्या, पण नऊ वर्षांहून जुन्या फोनचं एक भोक बुजलं. उलटंही होतं. अँड्रॉइडचं ताजं व्हर्जन मिरवणारा, पण सहा महिने पॅच न मिळालेला फोन दुकानात नवाकोरा दिसतो.

आता आश्वासनांकडे. गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या पिक्सेल ८ला सात वर्षं ओएस आणि सुरक्षा, दोन्ही अपडेट देऊ केले. सॅमसंगने २०२४च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस२४साठी तेच केलं. अशा फोनच्या बाबतीत दोन आकड्यांमधला फरकच उरत नाही आणि हे त्यांचं खरं बलस्थान आहे. इतरत्र दोन आकडे वेगळे असतात. २०२१च्या पिक्सेल ६ला सुरुवातीला तीन वर्षं ओएस आणि पाच वर्षं सुरक्षा असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२४मध्ये ओएसची मुदतही पाच वर्षांपर्यंत वाढवली. असं वाढवून मिळालं तर आनंदच, पण फोन निवडताना लिहून दिलेला आकडाच धरावा.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. ही वर्षं बहुतेक वेळा फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. चार वर्षांची मुदत असलेला फोन तुम्ही बाजारात आल्यानंतर दीड वर्षाने घेतला, तर हातात उरतात अडीच वर्षं. म्हणूनच गेल्या वर्षीचा वरचा फोन आणि यंदाचा मधला फोन यांची तुलना करताना मी आधी बाजारात आल्याची तारीख शोधतो, मग कॅमेरा बघतो. युरोपीय संघाने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला आहे. २० जून २०२५पासून तिथे लागू झालेल्या नियमानुसार, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. शेवटचा नग घेणाराही त्यामुळे उघड्यावर पडत नाही.

वर्षांचा आकडा सारखा असला तरी पॅच किती वेळा येतो हेही बघा. काही फोनना तो दर महिन्याला मिळतो, काहींना तीन महिन्यांतून एकदा, जुन्यांना वर्षातून दोनदाच. कंपन्या स्वस्त मॉडेलच्या बाबतीत इथेच हात आखडता घेतात आणि पेटीवर त्याचा उल्लेखही नसतो.

मग ओएस अपडेटचं काहीच महत्त्व नाही का? आहे. पाच-सहा वर्षांनी काही ॲप जुन्या व्हर्जनवर चालेनाशी होतात, विशेषतः बँकेची. मात्र मोठं अपडेट जुन्या चिपला झेपेलच असं नाही, म्हणून ते आल्या दिवशी घेण्याची घाई मी करत नाही. पॅच मात्र त्याच रात्री.

तुमच्या फोनची स्थिती बघायला सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा अपडेट'ची तारीख शोधा. अँड्रॉइडमध्ये ती महिन्याच्या १ किंवा ५ तारखेची असते. १ तारखेच्या पॅचमध्ये अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागांची दुरुस्ती असते. ५ तारखेच्या पॅचमध्ये त्याखेरीज कर्नल (ओएसचा गाभा) आणि चिप बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हरचीही (चिप चालवणारं सॉफ्टवेअर). त्याच पानावर 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी आणखी एक तारीख दिसेल. अँड्रॉइड १०पासून काही भाग थेट गूगलकडून असे अपडेट होतात, फोन कंपनीची वाट न बघता. ती तारीख ताजी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. चिपच्या ड्रायव्हरमधली भोकं त्या वाटेने बुजत नाहीत. त्यासाठी फोन कंपनीचाच पॅच यावा लागतो.