स्लोचा स्क्रू

गाडी उभी असताना इंजिन जागेवर हळू फिरत राहतं, ते 'आयडलिंग'. गॅरेजमध्ये हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे गाडीचा 'स्लो' असतो. स्लो बसतो, स्लो उतरतो, स्लोला गाडी बंद पडते. इंजिन थडथडायला लागलं की गाडी 'मिसिंग मारते', आणि चार सिलिंडरची असेल तर ती 'तीनवर चालते'. जुन्या गाडीचा मालक रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभा राहतो तो बहुतेक वेळा या स्लोपायीच. उपाय सांगणारे भरपूर भेटतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. त्याचं कारण गाडीच्या कंपनीपेक्षा तिच्या सालात जास्त असतं. एकेकाळी स्लोचा एक पितळी स्क्रू मालकाच्या हाताशी होता. पुढे तो हातातून गेला. तो कधी आणि कशामुळे गेला हे कळलं, की आपल्या गाडीत घरी काय करता येईल याचा बराचसा उलगडा होतो.

इंजिनाला घाट चढणं सोपं आणि जागेवर उभं राहून फिरणं कठीण. ऐकायला उलटं वाटतं खरं. घाटात थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडा असतो, हवा जोरात आत येते, पेट्रोल तिच्यात नीट मिसळतं आणि एखादी ठिणगी अशक्त असली तरी खपून जाते. स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. आत जाणारी हवा जेमतेम, त्यात जळालेल्या वायूचा काही भाग सिलिंडरातच रेंगाळलेला. मिनिटाला ८०० फेरे धरले तर चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १६०० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला साधारण सत्तावीस. दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का. त्यातला एक चुकला की इंजिन पूर्ण फेराभर नुसतं वजनावर फिरतं. मारुती ८०० तीन सिलिंडरची. तिथे धक्के २४० अंशांनी येतात आणि एक चुकला की पुढचा थेट ४८० अंशांनी. म्हणून त्या गाडीत एक प्लग गेला तरी स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं हलायला लागतं. त्यात इंजिनाचा फार मोठा दोष असतोच असं नाही, निम्मं ते गणितच आहे.

हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जन्मापासून ही अडचण त्याच्या पाठीशी आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाई आणि वाफ घेऊन पुढे सरके. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि त्याच सुमारास बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक जेटमधून पेट्रोल फवारण्याची रीत आणली. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. युक्ती झकास, पण ती सगळी हवेच्या वेगावर उभी. थ्रॉटल मिटला की वेग संपतो आणि मुख्य जेट मुका होतो. म्हणून स्लोसाठी वेगळी वाट काढावी लागली. थ्रॉटलच्या झडपेपलीकडे, जिथे इंजिनाची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे एक बारीक भोक, आणि त्या भोकात टोकदार स्क्रू. किती मिश्रण जाऊ द्यायचं ते तो स्क्रू ठरवणार. झडप किती मिटू द्यायची हे ठरवणारा दुसरा. या दोघांची जोडी म्हणजे स्लो.

ही जोडी आपल्याकडच्या शहरांतल्या मालकाला भेटली ती बहुतेक फियाटमध्ये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडत होती, मग फियाट आली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. नावं बदलत गेली. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्याच्या डोक्यावरचा सोलेक्स कार्बोरेटर यांच्या मूळ स्वभावात मात्र फार फरक पडला नाही. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि मिळाली की ती आयुष्यभर टिकवायची, असा तो काळ. त्यामुळे दहा-अकराचा पाना, पेचकस आणि बारीक फट मोजायचा फिलर गेज हे घरच्या सामानातच धरलं जाई.

स्लो लावण्याची रीत कानाची होती. इंजिन पुरतं तापू द्यायचं, चोक आत ढकललाय ना ते बघायचं. मिश्रणाचा स्क्रू हलकेच बसेपर्यंत आत न्यायचा, साधारण दीड फेरा बाहेर काढायचा आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने मागेपुढे करत इंजिन सर्वांत जोरात आणि सलग वाजतं ती जागा शोधायची. मग दुसऱ्या स्क्रूने रेस खाली आणायची. जमलं की मिस्त्री बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यावर, रुपयाचं नाणं उभं करून दाखवत. नाणं उभं राहिलं की मजुरीवर घासाघीस करायला तोंड उरत नसे.

पण या स्क्रूने एक वाईट सवयही लावली. तो हाताशी होता म्हणून दर वेळी तोच दोषी ठरला. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त थडथडणाऱ्या फियाटींना स्क्रूची गरज नव्हती. कुठे प्लग काळा पडलेला, कुठे कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग फाटून गाडी हवा घेत होती, कुठे स्लोच्या जेटमध्ये कचरा. अशा गाडीत स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढून थडथड दबते, आणि महिन्याभरात प्लग आणखी काळे. आधी प्लग, मग पॉइंट, मग हवेची गळती, मग टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) आणि स्क्रू सर्वांत शेवटी, हा क्रम जुने मिस्त्री पाळत. घाईतला मालक तो उलटा चालवे.

पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, म्हटलं की डेल्को आलाच. प्रत्येक सिलिंडरला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे अनेक गॅरेजांत अजून 'डेल्को' म्हणतात. कोणत्याही कंपनीचा असो, तो डेल्कोच. हे नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावचं. तिथे १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंगने एका भागीदाराबरोबर डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये उच्च दाब तयार होऊन प्लगला ठिणगी पडते, ही बॅटरीवरची पद्धत त्याने रूढ केली. ती पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली आणि आपल्या फियाट-अँबॅसिडरींत त्याहूनही जास्त. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पॉइंट दर ठिणगीला जरासे जळतात आणि त्यांना उघडणारा तुकडा झिजून फट कमी होत जाते. रेसमध्ये हे कळत नाही, स्लोला आधी कळतं. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, फिलर गेजने फट लावायची, कंडेन्सर बदलायचा, एवढं काम घरी अर्ध्या तासात होई. गेज हरवला असेल तर प्लगच्या फटीला हॅकसॉच्या पात्याचा तुकडा चाले. त्याची जाडी ०.६ मिमीच्या घरात असते.

हेच केटरिंग साहेब या कथेत पुन्हा येतात, आणि दुसऱ्या वेळी तितकंसं भलं करत नाहीत. जनरल मोटर्समध्ये त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिडग्लीने १९२१ मध्ये शोधलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं तर इंजिनाची ठोकठोक थांबते. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं, तरी जगभर ते पेट्रोलमध्ये गेलं. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे बसतात त्या कडांवर शिशाचा पातळ थर राही आणि कडा झिजत नसत. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि कन्व्हर्टरला शिसं चालत नाही म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद. हे व्हायलाच हवं होतं. मात्र शिशाच्या भरवशावर घडवलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या कडा झिजून टॅपेटची फट आवळत जाण्याचा धोका उरला. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन उतरतं आणि गाडी स्लोला तीनवर येते. तिथे कितीही स्क्रू फिरवा, उपयोग शून्य.

स्क्रूवर खरा पहारा बसवला तो कायद्याने. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११५ व्या नियमाने पेट्रोल मोटारींना स्लोला धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा घातली, ३ टक्के. स्लोलाच का? कारण सोपं आहे. गाडी न हलवता, रस्त्याकडेच्या टपरीत, नळी सायलेन्सरमध्ये घालून एवढंच मोजता येतं. अशा रीतीने पीयूसीचा कागद स्लोच्या स्क्रूशी जोडला गेला. जास्त पेट्रोल पाजून थडथड दाबायची मालकाची युक्ती इथे पकडली जाऊ लागली. त्यावर तोडगाही लगेच निघाला. पीयूसीला जाताना स्क्रू अर्धा फेरा आत, घरी आल्यावर अर्धा फेरा बाहेर. ऑक्टोबर २००४ पासून भारत स्टेज दोन या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांसाठी मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली, हायड्रोकार्बनही मोजायचं ठरलं. साध्या कार्बोरेटरला आणि कानाला हा आकडा झेपणारा नव्हता.

तोवर स्क्रू जायला लागलाच होता. परदेशात तो आधी झाकला गेला. सत्तरच्या दशकात अमेरिकी गाड्यांच्या मिश्रणाच्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या, मालकाने ठरावीक हद्दीपलीकडे फिरवू नये म्हणून. दुसरीकडे बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं. १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला, आणि मिस्त्रीच्या कानाचं काम यंत्राकडे गेलं. आपल्याकडे १९९८ ची सँट्रो 'एमपीएफआय' (मल्टी पॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही चार अक्षरं घेऊन आली आणि काही वर्षांत ती अक्षरं गाड्यांच्या पाठीवर मिरवू लागली. स्लो आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. थ्रॉटल मिटलेला असताना बाजूच्या वाटेने किती हवा सोडायची हे एक छोटा व्हॉल्व्ह सांभाळतो, एसी लावला की तो आपणहून उघडतो.

आज 'जुनी गाडी' म्हणून घरासमोर उभी असते ती बहुधा याच पिढीतली, आणि तिथे फियाटचे उपाय उलटे पडतात. हवेच्या गळतीचंच बघा. कार्बोरेटरच्या गाडीत पाइप फुटला की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थडथडत बंद पडतं. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल देणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत तोच फुटका पाइप असला, तर ईसीयूला वाटतं हवा वाढली. तो पेट्रोलही वाढवतो आणि स्लो वर चढतो किंवा वर-खाली हेलकावे खातो. किंवा कोणता सिलिंडर मेलाय हे शोधायचं असेल. फियाटमध्ये चालू इंजिनाच्या प्लगची एकेक केबल काढून बघत. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, दोष तिथे. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत असं केलं तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, शिवाय त्या कॉइलचा झटका चांगलाच लागतो. तिथे इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढून तीच परीक्षा घ्यायची. बाकी प्लग, एअर फिल्टर, चिरलेले रबरी पाइप आणि काजळीने माखलेला थ्रॉटल बॉडी साफ करणं, एवढं मालकाच्या हातात अजून आहे. थ्रॉटलच्या झडपेला टेकलेला एक स्क्रू याही गाडीत दिसतो, त्यावर कंपनीचा रंग किंवा सील असतं. तो स्लोचा नव्हे. झडप कुठवर मिटते याची ती कारखान्यात ठरवलेली हद्द आहे. जुन्या सवयीने तो फिरवलेल्या गाड्या पुढे कायमच्या रुसलेल्या मी पाहिल्यात. आणि कोणतीही गाडी असो, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे उद्योग करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२०२३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आणि ऑक्टोबरअखेर मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन अंगचाच असतो. एक भाग पेट्रोल जाळायला पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच पुरते. म्हणजे त्याच जेटमधून आलेलं नवं पेट्रोल जुन्या गाडीला पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून बराचसा हिशेब जुळवतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचतं. जुने रबरी पाइप आणि पॅकिंगही त्याने लवकर खराब होतात. हौसेने पद्मिनी राखणारे आता जेट एक-दोन नंबरांनी मोठा घालतात, पाइप बदलतात. आणि स्लोला गाडी झटके खायला लागली की सोलेक्सच्या बुडाशी वाकून, पेचकसाने मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा बाहेर काढतात.