असईत लढलेले 'इंग्रज' कोण होते?

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर ज्या गोऱ्या पलटणी चालून गेल्या, त्यांतल्या ७४वी आणि ७८वी या दोन स्कॉटलंडच्या हायलँडर, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पलटणी होत्या. सेनापती वेलस्ली आयर्लंडात जन्मलेला. आपण मात्र सगळ्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो. एखाद्या स्कॉट माणसाला तसं म्हणून बघा, त्याचा चेहरा पडेल.

मग 'ब्रिटिश' आले कुठून? रक्तातून तर नाहीत. ब्रिटनच्या ग्रामीण भागातल्या २,०३९ लोकांच्या डीएनएचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच परिसरात जन्मले, असेच लोक त्यासाठी निवडले होते. त्यांचे १७ गट पडले. डेव्हन आणि कॉर्नवॉल हे शेजारी जिल्हेसुद्धा वेगळे निघाले, आणि 'केल्टिक', म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे वारस, म्हणवणाऱ्या प्रदेशांचा मिळून एक गट काही होईना.

ही ओळख घडली ती कागदावर, रणात आणि पगारपत्रकात. १६०३ पासून इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा एक होता, पण संसदा दोन. पनामातल्या डॅरिएनला वसाहत करायला गेलेल्या स्कॉटलंडची मोठी पुंजी १७०० पर्यंत बुडाली. १७०७ मध्ये दोन्ही राज्यांचं विलीनीकरण झालं; त्याच्या आदल्या वर्षी एडिंबराच्या रस्त्यांवर दंगली उसळल्या होत्या. कायदा आणि चर्च मात्र स्कॉटलंडने स्वतःचंच ठेवलं. पुढे शंभरेक वर्षं कॅथलिक फ्रान्सशी लढाया चालल्या. समोरचा शत्रू एक, म्हणून आपण एक, असं प्रोटेस्टंट इंग्रज, स्कॉट आणि वेल्श लोकांना वाटू लागलं. बहुसंख्येने कॅथलिक असलेला आयर्लंड या गोतावळ्यात कधीच नीट रुळला नाही. शिवाय साम्राज्यात नोकऱ्या होत्याच: मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटच.

सगळ्यात मासलेवाईक गोष्ट किल्टची, म्हणजे हायलँडर पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्यासारख्या पोशाखाची. १७४६ मध्ये स्कॉटलंडातल्या कलोडनला, गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलँडरांचा पाडाव झाला आणि त्यांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली. त्यातून सूट फक्त राजाच्या फौजेतल्यांना! म्हणजे आजोबांचा पोशाख घालायचा तर राजाचा शिपाई व्हा. बंदी १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला गेला तो किल्ट नेसून, खाली गुलाबी तंग विजार चढवून. कलोडनचा विजेता कंबरलंड या जॉर्जच्या वडिलांचा सख्खा काका होता.