शाळेत करारावर क्रीडा प्रशिक्षक: पात्रता, कागदपत्रे आणि करार नेमका कुठे अडतो

शाळेला कबड्डीचा किंवा अॅथलेटिक्सचा प्रशिक्षक हवा असतो. संस्थेच्या कचेरीत शिक्षकाच्या नेमणुकीचा जुना मसुदा पडलेला असतो. त्यात 'शिक्षक' खोडून 'प्रशिक्षक' लिहिले जाते, पगाराचा आकडा बदलतो, दोन सह्या होतात आणि फाइल बंद. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. शिक्षकाचा दिवस घंटेपासून घंटेपर्यंत असतो. प्रशिक्षकाचा पहिल्या घंटेच्या आधी आणि शेवटच्या घंटेनंतर असतो आणि त्याचे सगळ्यात महत्त्वाचे काम बहुधा रविवारी, परक्या गावच्या मैदानावर होते. शिक्षकाच्या मसुद्यात यातले काहीच सापडत नाही.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी आहे.

पद कोणते, हे आधी ठरवा

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक वेगळा आणि क्रीडा प्रशिक्षक वेगळा. मंजूर पदावरच्या शिक्षकाला महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते. ते पद रिकामे असताना 'तूर्त करारावर प्रशिक्षक घेऊ' म्हणणारी संस्था पुढे अडचणीत येते, कारण कायम रिक्त पद भरण्याची रीत त्याच कायद्यात सांगितलेली आहे आणि पदाचे नाव बदलून ती टळत नाही.

मंजूर पदांच्या बाहेर, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मानधन किंवा वेतन देऊन नेमलेला प्रशिक्षक हा या लेखाचा विषय. अशा उमेदवारांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. या करारातून शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता मिळत नाही, शालार्थमध्ये (सरकारी वेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत) नाव लागत नाही. 'दोन वर्षे काढ, मग मान्यतेचं बघू' असे कोणी तोंडी सांगितले, तर ते वाक्य करारात लिहून मागा. लिहून मिळणार नाही, आणि तेच तुमचे उत्तर.

पात्रता: 'एनआयएस झालेला' म्हणजे काय?

करारावरच्या प्रशिक्षकाची पात्रता संस्था स्वतः ठरवते, म्हणून जाहिरातीतला प्रत्येक शब्द मोजून लिहावा लागतो. सर्वाधिक अर्ज बाद होतात ते 'एनआयएस' या एका शब्दावर. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणातली पदविका वर्षभराची आहे. त्याच संस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा आहे. मैदानावर दोघांनाही 'एनआयएस केलेला' म्हणतात. जाहिरातीत नुसते 'एनआयएस आवश्यक' छापले की सहा आठवडेवाले अर्ज करतात, छाननीत बाद होतात आणि वर त्यांच्यावरच खोटेपणाचा ठपका येतो. पदविका हवी असेल तर पदविका लिहा, प्रमाणपत्र चालणार असेल तर तसे लिहा. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षण शिकवण्याची पदवी आहे. एखाद्या खेळाचे विशेष प्रशिक्षण त्यात गृहीत धरू नका. फुटबॉलसारख्या खेळात महासंघाच्या परवान्यांची वेगळी उतरंड असते, तिथे कोणत्या पायरीचा परवाना हवा तेही जाहिरातीत यावे.

वय १८ पूर्ण हवे. हे सांगायची वेळ येते, कारण राज्य पातळीवर खेळलेली बारावीतली मुले सर्रास धाकट्यांचा सराव घेत असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, व्यक्ती करार करू शकत नाही. तिने सही केली तरी तो करार उभा राहत नाही.

कागदपत्रे

आधार, पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, शैक्षणिक आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, दोन छायाचित्रे. हे सगळ्यांकडे असते. अडते ते पुढच्या तिघांवर.

पहिला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा; त्याखालच्या नियम, २०२० प्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. शाळा आणि क्रीडा अकादमी यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे आणि कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, फरक केलेला नाही. 'हा तर आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी' हे कारण त्यामुळे चालत नाही. पाच वर्षांपूर्वीचा दाखला फाइलमध्ये असूनही भागत नाही, कारण पडताळणी एकदाच करून सोडायची नाही.

अर्ज ऑनलाइन होतो आणि परत येतो तो पत्त्यावरून. उमेदवार शहरात भाड्याने राहतो, आधारवर गावचा पत्ता, अर्जात तिसरेच काहीतरी. पोलीस प्रत्यक्ष राहण्याच्या पत्त्यावर चौकशी करतात आणि तिथे तो सापडत नाही. सध्या राहतो तोच पत्ता भरा आणि त्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडा. नेमणूक करणाऱ्या संस्थेचे पत्रही लागते. इथे गमतीचा पेच पडतो: संस्था म्हणते दाखला आण मग पत्र देतो, आणि पत्र नसल्यामुळे दाखला अडतो. संस्थेने 'पडताळणीच्या अधीन राहून निवड' असे एका परिच्छेदाचे पत्र द्यावे, प्रश्न मिटतो. मात्र दाखला हाती येईपर्यंत मुलांचा ताबा द्यायचा नाही. सरावाला नुसते 'मदतीला' उभे करणे हाही ताबाच.

दुसरा, अनुभवाचा दाखला. क्लब आणि मंडळे रोख पैसे देतात, कागद देत नाहीत. छापील लेटरहेडचा हट्ट धरणाऱ्या संस्थांना म्हणूनच बनावट लेटरहेड मिळतात. त्यापेक्षा जिल्हा संघटनेचे पत्र, त्याने नेलेल्या संघांची नावे असलेली स्पर्धेची कागदपत्रे, बँकेच्या उताऱ्यातल्या जमा रकमा, यांपैकी दोन पुरावे मागावेत. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी विभागीय उपसंचालकांकडून क्रीडा प्रमाणपत्राची जी पडताळणी होते ती सरकारी नोकरीसाठी. तिचा इथे काही संबंध नाही, तरी कचेऱ्या ती मागतात आणि उमेदवाराला महिनोन्‌महिने हेलपाटे घालायला लावतात.

तिसरा, ना-हरकत. उमेदवार दुसऱ्या शाळेत किंवा सरकारी खात्यात नोकरीला असेल, तर त्या मालकाची लेखी परवानगी हवी. 'साहेबांना माहीत आहे' ही परवानगी नव्हे.

मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळून परत करायची. ती कपाटात अडकवून ठेवणारी संस्था आणि ती देऊन येणारा प्रशिक्षक, दोघेही चुकतात. कोऱ्या धनादेशाचेही तेच.

सही कोणाची?

शाळा ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नाही, मालक असते ती शाळा चालवणारी नोंदणीकृत संस्था. करारात पहिला पक्ष म्हणून शाळेचे नाव आणि खाली मुख्याध्यापकांची सही असते, आणि सहा महिन्यांनी नवी कार्यकारिणी म्हणते, 'आम्ही कोणाला नेमलंच नव्हतं.' पहिला पक्ष संस्था, तिचा नोंदणी क्रमांक, सही अध्यक्ष किंवा सचिवाची किंवा ज्याला अधिकार दिला त्याची, आणि तो अधिकार देणाऱ्या ठरावाचा क्रमांक व तारीख करारातच. प्रशिक्षकाने ठरावाची प्रत मागावी. त्यात उद्धटपणा काही नाही.

अकरा महिने कशासाठी?

प्रत्येक करार अकरा महिन्यांचा असतो आणि का, ते कोणालाच माहीत नसते. ही सवय घरभाड्यातून आली. स्थावर मालमत्तेचा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबत. नोकरीच्या कराराला हा नियम लागूच नाही. मुदत खेळाच्या हंगामावर ठरवा. जूनमध्ये शाळा उघडते, पावसाळ्यातच तालुका आणि जिल्हा पातळीच्या स्पर्धा सुरू होतात, पुढे विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. जुलैत घाईने केलेला अकरा महिन्यांचा करार पुढच्या जूनमध्ये संपतो, म्हणजे नेमका नव्या हंगामाच्या संघनिवडीच्या तोंडावर. करार १ जून ते ३१ मे ठेवा आणि मेमधल्या उन्हाळी शिबिराचे पैसे त्यातच की वेगळे, तेही लिहा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत पैसे मिळणार का, या प्रश्नावर जितकी भांडणे होतात तितकी दुसऱ्या कशावरच होत नाहीत. उत्तर एका वाक्याचे आहे, पण ते वाक्य करारात नसते.

वेतन की शुल्क?

एकाच करारात वर 'मानधन', मध्ये 'वेतन' आणि खाली 'व्यावसायिक शुल्क' असे तीन शब्द असले, तर लेखापरीक्षक तो परत पाठवणारच. प्रशिक्षक स्वतंत्र व्यावसायिक असेल तर त्याच्या बिलावर वार्षिक मर्यादेपुढे १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला जातो. नोकर असेल तर वेतनाचे नियम लागतात आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधीचाही विचार करावा लागतो. रोज अंगठ्याची हजेरी, रजेचा अर्ज मुख्याध्यापकांकडे, शाळेचा गणवेश, आणि कागदावर मात्र 'सल्लागार', हे टिकत नाही. नाव काय दिले यापेक्षा वागणूक कशी होती ते पाहिले जाते.

करारात काय हवेच

कामाचे तास परिशिष्टात वेळापत्रक म्हणून द्या. सकाळी ६.३० ते ८ आणि संध्याकाळी ४.३० ते ६.३०, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे आठवड्याचे साडेसतरा तास. मधल्या वेळेत तो मोकळा आहे की नाही, हे लिहिले नाही तर बदली तासांना वर्गावर पाठवले जाते. स्पर्धेचा दिवस किती तासांचा धरायचा आणि रविवार गेला तर बदली सुटी किती दिवसांत घ्यायची, तेही ठरवा. प्रवासखर्चाची उचल निघण्यापूर्वी द्यावी. स्वतःच्या खिशातून बारा मुलांची तिकिटे काढणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी परत येत नाही.

संघ बाहेरगावी नेताना जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते? पालकांचे संमतिपत्र कोण गोळा करणार, मुलींच्या संघाबरोबर महिला शिक्षिका किंवा व्यवस्थापिका कोण, मुक्काम कुठे, परतल्यावर मुले कोणाच्या हवाली करायची, हे सगळे करारात नावाने नाही तरी पदाने यावे. दुखापतीचे कलम स्वतंत्र ठेवा: प्रथमोपचार पेटी कोण भरून ठेवतो, दवाखान्यात नेण्याचा निर्णय कोणाचा, खर्च कोणाचा, पालकांना फोन कोण करतो. 'सर्व दुखापतींना प्रशिक्षक वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील' असे सरसकट वाक्य दिसले तर सही करू नका. मैदानातले खड्डे बुजवणे त्याच्या हातात नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. उशिरा आलेल्या मुलाला उन्हात वीस फेऱ्या मारायला लावणे ही शिक्षाच, सरावाचा भाग नव्हे. हे करारात उदाहरणासकट लिहिलेले बरे, कारण बऱ्याच प्रशिक्षकांना स्वतःच्या वेळी असेच शिकवले गेले. पोक्सोच्या कलम १९ खाली लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'प्रथम मुख्याध्यापकांना सांगावे, ते पुढील निर्णय घेतील' असे कलम लिहून ही जबाबदारी कोणाच्याच डोक्यावरून उतरत नाही. उलट हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खासगी अकादमीचा मुद्दा नाजूक असतो. नोकरी चालू असताना शाळेच्याच मुलांकडून वेगळी फी घेऊ नये, ही अट रास्त आहे. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे पाच किलोमीटरच्या आत कुठेही शिकवणार नाही' ही अट करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे टिकत नाही. मध्येच सोडल्यास एक लाख दंड, अशी अटही कलम ७४ मुळे आकड्यानिशी वसूल होत नाही, वाजवी भरपाईच मिळते. महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी ठेवली की बहुतेक वेळा या धमक्यांची गरजच उरत नाही.

आणखी एक लहान कलम हमखास विसरते. दहावी-बारावीच्या खेळाडूंच्या सवलत गुणांचे प्रस्ताव कोण तयार करणार? प्रशिक्षक जानेवारीत सोडून जातो, मुलांची प्रमाणपत्रे त्याच्या पिशवीत, आणि गुण जातात मुलांचे. अखेरचा पगार देण्यापूर्वी प्रमाणपत्रे, साहित्याचे डेडस्टॉक रजिस्टर आणि किल्ल्या यांची पोच घ्यायची, असे लिहा.

मुद्रांक आणि सह्या

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांचे किमान मुद्रांक शुल्क १०० ऐवजी ५०० रुपये झाले. जुन्या सवयीने शंभरच्या कागदावर केलेला करार शुल्क कमी पडल्यामुळे पुरावा म्हणून घेतला जात नाही, आणि नियमित करायला गेले की तुटीवर दरमहा २ टक्के दंड लागतो. वार्षिक रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढू शकते, ते आधी विचारून घ्या. मुद्रांक विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. कपाटातला दोन वर्षांपूर्वीचा कागद काढू नका. शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर सहीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी भरलेले हवे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे आणि कमी मुद्रांक त्याने भरूनही निघत नाही.

प्रत्येक पानावर आणि परिशिष्टावर दोघांच्या सह्या, खाडाखोडीवर दोघांची आद्याक्षरे, दोन साक्षीदार. वेळापत्रकाचे परिशिष्ट 'नंतर जोडू' म्हणून रिकामे सोडू नका. प्रशिक्षकाची प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात द्यायची आणि मिळाल्याची सही संस्थेच्या प्रतीवर घ्यायची. 'साहेबांची सही झाली की पाठवतो' म्हटलेली प्रत सहसा पोहोचत नाही, तेव्हा निदान मोबाइलवर सर्व पानांचे फोटो काढल्याशिवाय कचेरीतून उठू नका.