‘ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल’: स्त्री-शास्त्रज्ञांची ओळख कशी करून दिली गेली

1964 साली रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या डोरोथी हॉजकिन यांना मिळालं. पेनिसिलिन आणि बी-12 जीवनसत्त्व यांच्या रेणूंची रचना त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली होती. ब्रिटनच्या ‘डेली मेल’ने मथळा दिला, ‘ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल’. आदल्याच वर्षी मारिया गेपर्ट मेयर यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा सॅन डिएगोतल्या वृत्तपत्रानेही मथळ्यात ‘आई’च म्हटलं होतं.

ही सवय किती चिवट, ते मार्च 2013 मध्ये दिसलं. उपग्रहांना कक्षेत स्थिर ठेवणाऱ्या इंजिनाच्या संशोधक इव्हॉन ब्रिल वारल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या हातच्या बीफ स्ट्रोगॅनॉफने झाली; पुढे नवऱ्याच्या नोकरीमागे गावं बदलणं, मुलांसाठी आठ वर्षं काम सोडणं. इंजिनाचा उल्लेख त्यानंतर. वाचक संतापले. मग स्ट्रोगॅनॉफ काढून तिथे ‘हुशार रॉकेट शास्त्रज्ञ’ घातलं, पण नवरा आणि मुलं त्याच वाक्यात राहिली.

त्याच महिन्यात, या मृत्युलेखाच्या थोडं आधी, अमेरिकी विज्ञानपत्रकार क्रिस्टी अ‍ॅशवँडन यांनी दुसऱ्या विज्ञानपत्रकार अ‍ॅन फिंकबाइनर यांच्या नावाने एक कसोटी मांडली होती. फिंकबाइनर यांनी एका खगोलशास्त्रज्ञाबद्दल लिहिताना ती बाई आहे हे सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. कसोटीनुसार नवऱ्याचा हुद्दा, मुलं कोण सांभाळतं, ‘पहिली महिला’ असणं, हे काही लेखात नको. घरसंसार लपवावा असं मला वाटत नाही. पण पुरुष शास्त्रज्ञाबद्दल जे कुणी विचारत नाही, ते बाईच्या ओळखीत आधी का यावं?

‘पहिली महिला’ आपल्याकडे फार चालतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला, मग अटींवर वर्षभरासाठी घेतलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. हा अन्याय सांगायलाच हवा. पण त्यांच्यावरचे कितीतरी लेख इथेच संपतात. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी असतं, हे बटाट्यावर काम करताना त्यांना आढळलं होतं. पुढे मुंबईत त्यांनी नीरेतल्या पोषणद्रव्यांचा अभ्यास केला आणि आदिवासी मुलांच्या, गरोदर बायकांच्या आहारात तिचा उपयोग होतो हे दाखवलं.