जुन्या गाडीच्या तापमानाचा काटा नेमका कुठे चुकतो?

डॅशबोर्डवरच्या काट्याला इंजिन किती तापले आहे हे थेट कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो विजेचा प्रवाह. इंजिनातला सेन्सर, तिथून आलेली वायर, मीटर, मीटरला ठरावीक व्होल्टेज पुरवणारा स्टॅबिलायझर आणि इंजिनाचे अर्थिंग (प्रवाह बॅटरीकडे परत जाण्याची धातूची वाट), यांपैकी कुठेही हा प्रवाह अडला किंवा भलतीकडे वळला की काटा चुकतो. 'सेन्सर बदलून बघू' हा सल्ला म्हणूनच घाईचा असतो.

त्याआधी काटा खरेच सांगत नाही ना, हे पाहावे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ किंवा ८८ अंश सेल्सियसला उघडू लागतो. तो उघडाच अडकला तर गाडी वेगात असताना काटा खाली राहतो आणि गाडी थांबली की वर येतो. गार इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात सांभाळून, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चाचपावा. तो काही मिनिटे गार राहून मग झपाट्याने तापायला हवा. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर दोष थर्मोस्टॅटचा. काटा बिचारा बरोबर आहे.

याच्या उलटा प्रकार जास्त घातक. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, कमी झाले की सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत उघडा पडतो. त्यांच्यातून उष्णता नीट पोहोचत नाही, त्यामुळे इंजिन उकळत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून सर्वांत आधी कूलंटची पातळी बघायची, तीही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. साधारण १ बार दाबाच्या झाकणाखाली पाणी १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब जातो आणि त्याच पाण्याची क्षणात वाफ होऊन अंगावर येते. इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळा घ्यायचा असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण कमी सोडते, त्यामुळे त्यावरचे आकडे फार कमी येतात.

आता सेन्सर. धातू तापले की त्यांचा विद्युतरोध वाढतो. काही पदार्थांचा मात्र घटतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये हे मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये नोंदवले होते. सेन्सरमधली थर्मिस्टरची गोळी याच जातीची. गार असताना तिचा रोध काहीशे ओहम असतो, ८५-९० अंशांना तो काही दहा ओहमवर येतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे, ते तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावेत. गोळीचे एक टोक टर्मिनलला आणि दुसरे पितळी अंगाला, म्हणजे थेट इंजिनाला जोडलेले असते.

मीटर दोन प्रकारचे. एकात दोन धातूंच्या पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाहाने तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सावकाश चढतो. दुसऱ्यात गुंडाळ्या आणि चुंबक असतात, काटा इग्निशन लावताच उडी मारतो. तो दोन गुंडाळ्यांतल्या प्रवाहांची तुलना करत असल्याने त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. आणखी जुन्या गाड्यांत वायरच नसते, इंजिनापासून मीटरपर्यंत बारीक तांब्याची नळी येते. तिच्यातल्या वाफेचा दाब मीटरमधल्या वाकड्या नळीला सरळ करतो. ही वाकडी नळी यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट केली. तांब्याची नळी फुटली की काटा तळाशी बसतो आणि पुढची एकही विद्युत चाचणी तिथे चालत नाही.

मुख्य चाचणी अशी. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढा. काटा 'कोल्ड'वर यायला हवा. नाही आला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकते आहे. मग वायरचे टोक इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या धातूला टेकवा. काटा लालच्या दिशेने निघाला की लगेच काढून घ्या, कारण जास्त वेळ धरले तर मीटरमधली तार जळू शकते. याहून चांगला मार्ग म्हणजे मध्ये रोधक घालणे. चालत्या गरम इंजिनात सेन्सरचा रोध जेवढा असतो तेवढ्याच ओहमचा, २ वॅटचा रोधक जोडला तर काटा नेहमीच्या जागी थांबला पाहिजे. इथे मीटरचा अचूकपणाही कळतो. दोन पिनांचा सेन्सर बहुधा फ्युएल इंजेक्शनचा असतो. त्याची वायर इंजिनाला टेकवू नये.

काटा दोन्हीकडे नीट फिरला तर मीटर आणि वायर निर्दोष ठरले. संशय उरला सेन्सरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर. अजिबात हलला नाही तर पेट्रोलचा काटा पाहा. तोही मेलेला असेल तर दोष दोघांच्या समान पुरवठ्यात, म्हणजे फ्यूजमध्ये किंवा स्टॅबिलायझरमध्ये आहे.

स्टॅबिलायझर ही जुन्या गाड्यांतली गमतीची वस्तू आहे. त्याच्या आतही गरम होऊन वाकणारी पट्टी असते आणि ती पुरवठा सतत जोडते-तोडते. सरासरी मिळते सुमारे १० व्होल्ट, बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ५. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे ० ते १२ असे नाचतात, ते चांगल्या तब्येतीचे लक्षण. आतला संपर्क चिकटला, किंवा स्टॅबिलायझरच्या डबीचेच अर्थिंग गेले, तर मीटरला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज मिळते आणि टाकीत पेट्रोल नसताना पेट्रोलचा काटाही वर दिसतो. दोन्ही काटे एकत्र चढलेले असणे ही याची खूण. एकटाच काटा चुकत असेल तर स्टॅबिलायझरला हात लावू नये. जुनी डबी बसवताना वरची बाजू वर ठेवायची. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत तिच्या जागी ७८१० हा १० व्होल्टचा रेग्युलेटर चालतो.

हेडलाइट लावताच काटा चढत असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासा. अल्टरनेटर इंजिनावर असतो, म्हणून दिव्यांचा प्रवाह या पट्टीतूनच परततो. ती गंजली की बॉडी आणि इंजिन यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो, तो मीटरच्या मंडळात मिसळतो आणि काटा खोटा चढतो. इंजिन चालू, दिवे लावलेले असताना ब्लॉक आणि बॉडी यांच्यात मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर बोल्ट काढून धातू चमकेपर्यंत घासा.

राहिला सेन्सर. गार इंजिनातून तो काढून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा. टर्मिनल कोरडे आणि बुडाला स्पर्श नको. मल्टिमीटरचे एक टोक अंगाला, दुसरे टर्मिनलला लावा. ४०, ६०, ८० आणि ९० अंशांना रोध लिहून घ्या. तो एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच अनंत दाखवला किंवा उड्या मारल्या तर सेन्सर गेला. सुबक उतरला पण मॅन्युअलशी जुळला नाही, तर आटे सारखे असलेला भलत्याच गाडीचा सेन्सर कुणीतरी बसवला आहे. हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते.

नवा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. अर्थिंग त्याच आट्यांतून जाते आणि त्यात रोध आला की काटा खाली राहतो. गळती थांबवायला नवा तांब्याचा वॉशर पुरतो. पितळी आटे ॲल्युमिनियमच्या भोकात जोर लावून आवळले तर भोकाचेच आटे जातात. शेवटी कूलंट भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवून हवा बाहेर पडू द्या. सेन्सरभोवती बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही कमीच दाखवेल. गाडी एकदा पूर्ण तापवून गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा.