फोटोभोवतीची पांढरी जागा: प्रिंटची बॉर्डर आणि फ्रेमचं माउंट

जळगाव असो की धुळे, फ्रेमच्या दुकानात हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "भाऊ, बाजूनं पांढरी बॉर्डर सोडून फ्रेम करून द्या." दुकानदार विचारतो, "प्रिंटलाच बॉर्डर आहे का माउंट टाकू?" गिऱ्हाईक म्हणतं, "काहीही करा, पांढरं दिसलं पाहिजे." सगळा घोळ तिथेच होतो. भिंतीवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. लग्नातला फोटो, आजोबांचा एकुलता एक फोटो किंवा तुम्ही स्वतः जीव ओतून काढलेला फोटो असेल, तर हा फरक माहीत असायलाच हवा.

बॉर्डर म्हणजे फोटोच्याच कागदाचा कोरा सोडलेला भाग. ती लॅबमध्ये प्रिंट काढतानाच ठरते. माउंट म्हणजे वेगळा जाड पुठ्ठा, साधारण दीड मिलिमीटरचा, मधोमध खिडकी कापलेला. ही खिडकी ४५ अंशांत तिरकी कापतात, म्हणून तिच्या कडेला पुठ्ठ्याचा आतला थर बारीक रेघेसारखा दिसतो. फोटो काचेमागे असेल तर बाजूला उभं राहून बघा. माउंटची बारीक सावली फोटोवर पडलेली दिसेल. बॉर्डरची सावली पडत नाही, कारण ती फोटोच्याच पातळीवर असते.

फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते. काच, फोटो आणि मागचा हार्डबोर्ड त्या खाचेत बसतात आणि चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर भाग पट्टीखाली जातो. लॅबवाल्याने पाव इंच बॉर्डर सोडली असेल, तर ती म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. फ्रेममध्ये ती गायब होते. त्याहून वाईट म्हणजे प्रिंट किंचित तिरका बसला, की डावीकडे बॉर्डर दिसते आणि उजवीकडे दिसत नाही. फ्रेम करायची असेल तर बॉर्डर निदान एक इंच घ्या, नाहीतर घेऊच नका.

एक इंच सांगताना मापाचा हिशोब मात्र आधी करा. कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक वेळा २:३ प्रमाणात असतो, म्हणून १२×१८ इंचांच्या कागदावर तो अख्खा बसतो. चारी बाजूंनी एकेक इंच सोडला, तर आत १०×१६ जागा उरते आणि ते प्रमाण २:३ नाही. मग एकतर फोटो १०×१५ येतो आणि लांबीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड इंच कोरं राहतं, नाहीतर लॅबवाला जागा भरायला फोटोच छाटतो. कानबाईच्या मिरवणुकीतल्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशीचा अर्धा चेहरा उडतो, तो असा. ऑर्डर देतानाच सांगा: "फोटो कापू नका, बॉर्डर कमी-जास्त झाली तरी चालेल."

माउंटचं खरं काम शोभेचं नाही, आणि ते आपल्या खान्देशात तर फारच महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत. मग पावसाळा लागला की भिंती ओल धरतात. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ पडतो आणि काचेला टेकलेला असेल तर काचेलाच चिकटतो. जुन्या फ्रेममध्ये फोटोवर चकचकीत ओले दिसणारे डाग असतात, ते बहुधा याचेच. माउंट टाकलं की काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याच्या जाडीएवढी मोकळी जागा राहते आणि फोटो काचेला लागत नाही. बॉर्डर कितीही रुंद घेतली तरी हे होत नाही, कारण बॉर्डरसकट अख्खा कागद काचेला टेकलेलाच असतो.

पण माउंटही नीट लावलं तरच उपयोगाचं. कागद हवेप्रमाणे फुगतो आणि आक्रसतो. चारी कडा टेपने डकवल्या तर पावसाळ्यात फोटोला पोट सुटतं. फोटो फक्त वरच्या कडेला, दोन छोट्या कागदी पट्ट्यांनी मागच्या पुठ्ठ्याला टांगलेला असावा. ब्राऊन टेप, सेलोटेप, फेविकॉल यातलं काहीही मूळ फोटोला लावू देऊ नका. पुठ्ठाही अ‍ॅसिड-फ्री मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो, खिडकीची पांढरी तिरकी कड तपकिरी होते आणि तीच तपकिरी रेघ फोटोवर उमटते. नातेवाइकांच्या घरी जुनं माउंट दिसलं तर ती कड बघा, पुठ्ठा कसला आहे ते लगेच कळतं.

माप सांगायचं तर १२×१८ चा प्रिंट १८×२४ च्या फ्रेममध्ये छान बसतो. चारी बाजूंनी तीन इंच माउंट येतं. घरात जागा नसते म्हणून लोक एक इंच माउंट घेतात, आणि मग पट्टी, पुठ्ठा आणि फोटो एकमेकांवर दाटीवाटीने येतात. त्यापेक्षा फोटो लहान करा, ८×१२ चा प्रिंट घ्या, पण माउंटला जागा द्या. खालची बाजू वरच्यापेक्षा पाव-अर्धा इंच जास्त ठेवायला सांगा. अगदी समान ठेवली तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: फोटोतल्या साडीचा लाल उचलून लाल माउंट करू नका. नजर आधी पुठ्ठ्यावर जाते. ऑफ-व्हाइट बहुतेक सगळ्याला चालतं. जुन्या कृष्णधवल फोटोला पांढराशुभ्र पुठ्ठा लावला तर फोटोतला पांढरा मळकट दिसतो, तिथे थोडा पिवळसर पांढराच हवा.

बॉर्डर मग कधी घ्यायची? जो फोटो हातात घेऊन बघायचा, अल्बममध्ये ठेवायचा, कुणाला द्यायचा, त्याला बॉर्डर उत्तम. बोटांचे ठसे कोऱ्या कागदावर पडतात, फोटोवर नाही. एक अडचण मात्र बघा. धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी, मागे उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ, असा फोटो पांढऱ्या बॉर्डरसकट छापला तर कड कुठे संपते तेच कळत नाही. आभाळ कागदात विरघळतं. अशा फोटोभोवती केसासारखी बारीक राखाडी रेघ टाका. संगणकावर उठावदार कडा आणि खोट्या सावल्या टाकून माउंटचा भास करतात, तो मात्र टाळा. खरी सावली एका बाजूने येते, आणि खोली बदलली की तीही बदलते.

दोन्ही एकत्रही वापरता येतात, आणि मला तीच पद्धत सर्वांत आवडते. माउंटची खिडकी फोटोच्या मापापेक्षा थोडी लहान कापावी लागते, नाहीतर फोटो मागून निसटेल. त्यात चारी बाजूंनी तीनेक मिलिमीटर फोटो झाकला जातो. एरवी हे खपून जातं. पण चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलटॉप फोटोग्राफी आठवा. टेबलावर एकेक वस्तू मांडून उभ्या केलेल्या चित्रात कडेपर्यंतचा प्रत्येक कण ठरवून ठेवलेला असतो. त्यांच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे, तिथे ते फोटो बघताना कडांकडे मुद्दाम लक्ष द्या. अशा फोटोचे तीन मिलिमीटरही झाकायचे नसतात. त्यावर उपाय म्हणजे प्रिंट एक इंच बॉर्डरसकट काढायचा आणि माउंटची खिडकी फोटोपेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठी कापायची. पुठ्ठा टेकतो तो कोऱ्या कागदावर, फोटो अख्खा दिसतो, त्याच्याभोवती कागदाची बारीक पट्टी राहते आणि खाली सही करायला जागाही मिळते. दुकानदाराला हे तोंडी सांगून भागत नाही. प्रिंटच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने खिडकीचं माप लिहून द्या.

घरातला जुना फोटो आधीच काचेला चिकटला असेल, तर तो ओढून किंवा पाणी लावून सोडवू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करून घ्या, त्याचा नवा प्रिंट काढा आणि माउंट टाकून तो भिंतीवर लावा. मूळ फोटो काचेसकट सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा.